उसने डोळे

भाईंदरच्या एका काकांना मी त्यांची गेलेली बायको परत मिळवून दिली, असं बऱ्याच लोकांना वाटतं. त्याचा व्हिडिओ आहे. काका खुर्चीत बसलेत, मी कागद सोडवून चित्र त्यांच्यासमोर धरते. ते एकदम उठतात, चित्रातल्या बाईंच्या गालाला हात लावायला जातात, हाताला काच लागते आणि ते हात मागे घेतात. मला ओळखणारे बहुतेक लोक या व्हिडिओमुळे ओळखतात. माझं नाव, माझी ओळख, आजकाल ज्याला ब्रँड म्हणतात तो, सगळा त्या काचेला लागलेल्या हातावर उभा आहे. खरं असं आहे की त्या माणसाकडे बायकोचं जे काही उरलं होतं, तेही मी काढून घेतलं. कसं, ते सांगते.

मी मूळची फोटो बनवणारी. फोटो काढणारा वेगळा आणि बनवणारा वेगळा. मीरा रोड स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत पुढे पासपोर्ट फोटो निघायचे, आणि मागे पडद्याआड माझा कॉम्प्युटर होता. कोणी गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी त्या घरचा जावई नाहीतर पुतण्या यायचा. त्याच्या हातात मिळेल ते असायचं. लग्नातला ग्रुप फोटो, कंपनीचं ओळखपत्र, आधार कार्ड. "तेराव्याच्या आत पाहिजे," एवढंच बोलणं. त्या एवढ्याशा तोंडातून मी मोठा चेहरा बनवायचे. मागे निळं आभाळ, माणूस समोर बघणारा, वरून हार घालता येईल असा. जन्मभर गंजीफ्रॉकात वावरलेल्या माणसाला घरचे म्हणायचे, कोट घाला. मी कोट घालायचे. बाई असेल तर जरीची साडी, आणि नवऱ्याच्या आधी गेली असेल तर कुंकू ठसठशीत. माझ्याकडे फोल्डर होते. कोट, साड्या, दागिने, डोळे.

डोळ्यांचा फोल्डर लागायचाच. ग्रुप फोटोत एकाने तरी डोळे मिटलेले असतात, आणि नेमका तोच माणूस पुढे जातो, हा माझा अनुभव. मग दुसऱ्या कोणाचे तरी उघडे डोळे घेऊन बसवायचे. यात काही फसवाफसवी आहे असं मला कधी वाटलं नाही. शिंपी कोटाला आतून अस्तर लावतो, तेवढ्याच सहजपणे मी डोळे लावत होते.

त्या फोल्डरमधले पहिले डोळे माझ्या आईचे.

मी स्टुडिओत लागले आणि त्याच वर्षी आई गेली. लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडच्या पूनम सागरला राहायला आलो त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. तिला इथे करमलं नाही. "दारं लावून बसतात गं लोक," म्हणायची. तिचा एकटीचा असा फोटोच नव्हता. एक सापडला, ताईच्या लग्नातला. आई पंगतीत वाकून वाढतेय आणि कोणीतरी हाक मारली म्हणून तिने वर बघितलंय, काहीतरी विचारायच्या बेतात. भात वाढू का, असंच काही असणार. तोच चेहरा मी कापून घेतला, साफ केला, निळ्या आभाळावर ठेवला. स्टुडिओचे मालक, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, माझ्या मागे येऊन उभे राहिले. "आँखें देख," म्हणाले, "अभी कुछ बोलेगी. सेव करके रख, काम आएगा."

मी सेव करून ठेवलं. शेठ म्हणाले तसं ते कामालाही आलं. आधी हाटकेशच्या एका आजींना, मग कोणाच्या सासूला, मग कोणाच्या मावशीला. पुढे पुढे पुरुषांनाही. भुवया जाड केल्या की कोणाला काही कळत नाही. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन म्हणायचं, "अगदी बोलतील असं वाटतंय." मला आनंद व्हायचा. आपलं काम चांगलं आहे, असंच मी समजत होते.

मग ती मला दिसायला लागली. समोरच्या विंगमध्ये सत्यनारायणाला गेले, प्रसाद घेऊन मान वर केली तर फ्रिजच्या वर आई. चेहरा कोणा दुसऱ्याच गोऱ्या बाईचा, पण बघतेय आई. हाटकेशला एका शिलाईच्या गाळ्यात कापड आणायला गेले, तिथे मशीनच्या वर मिशा असलेले एक गृहस्थ, चंदनाचा हार, आणि त्यांच्या मिशांच्या वरून आई, वाढू का म्हणून विचारतेय. मी कापड न घेताच बाहेर आले. लोकांच्या घरी मी खाली मान घालून बसते ते तेव्हापासून. शेजारणींना वाटतं मी लाजाळू आहे. मी लाजाळू अजिबात नाही, कोणालाही विचारा.

पुढे फोनवरच सगळं व्हायला लागलं. बोट फिरवलं की कोट, बोट फिरवलं की डोळे. स्टुडिओ बंद करायचं ठरलं तेव्हा शेठ मला म्हणाले, "तेरे हाथ में कला है, लेकिन तू बोलती नहीं. बोले तेना बोर वेचाय." जो ओरडतो त्याची बोरं विकली जातात. मी चाळिशी ओलांडलेली होते आणि माझ्याकडे ओरडून विकण्यासारखं एक बोरही नव्हतं. चौदा वर्षं मी जे बनवलं होतं त्याच्यावर कुठे माझं नाव नव्हतं. गेलेल्या माणसाच्या फोटोखाली कारागिराची सही कोण टाकतं?

तेव्हा ठरवलं की हाताने काढायचं. कागद, जलरंग, आणि गेलेल्या माणसांची चित्रं. त्यात मला गती होती आणि त्यांचे चेहरे माझ्या ओळखीचे होते. आता फोल्डर नाही, चिकटवाचिकटवी नाही. जे उतरेल ते माझ्या हातातून उतरेल आणि खाली कोपऱ्यात माझी सही असेल. ओळखीपाळखीतून कामं मिळाली. चित्रं फ्रेम करायला मी नया नगरला द्यायचे. तिथला फ्रेमवाला एकदा काच पुसता पुसता म्हणाला, "मॅडम, आपकी सब तस्वीरें एक ही ख़ानदान की लगती हैं." मी म्हटलं, कलाकार एकच आहे ना, म्हणून. मनातून सुखावलेच. चला, आपली अशी काही शैली आहे.

माझी भाची, ताईची मुलगी, अंधेरीला जाहिरातीच्या कंपनीत आहे. तिने मला ताब्यात घेतलं. "मावशी, नुसतं चित्र चांगलं असून चालत नाही. तुझी आयडेंटिटी पाहिजे. तू कोण आहेस?"

"तुझ्या आईची धाकटी बहीण."

"तसं नाही गं! ब्रँड म्हणून कोण आहेस?"

तिने एक छापील कागद आणला होता, भरायला. स्वतःचं तीन शब्दांत वर्णन करा. तुमचे रंग कोणते. तुम्ही खोलीत नसताना लोक तुमच्याबद्दल काय बोलतात. मी तिला म्हटलं, हे शेवटचं मला माहीत असतं तर मी या सोसायटीत इतकी वर्षं राहिले असते का? ती हसली नाही. या कामात ती फार गंभीर असते. मला आपली आतून धाकधूक, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा व्हायचा.

तिने माझ्या नऊ चित्रांचे फोटो काढले. फोनवर कोणी आपलं पेज उघडलं की पहिल्या नऊ चौकटी दिसतात, त्यावरून माणसाला कळलं पाहिजे ही कोण, असं तिचं म्हणणं. एका रविवारी दुपारी ताईकडे जेवणं उरकल्यावर तिने फोन आमच्यापुढे धरला. नऊ चौकटी, तीन-तीनच्या ओळी, नऊ घरांतली नऊ माणसं. ताई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. तिने बघितलं आणि ती खाली बसली.

"ह्या सगळ्यांत आई कशाला बसलीय?" ताई म्हणाली.

मी फोन हातात घेतला. एकेक चित्र मी वेगवेगळ्या महिन्यात काढलं होतं, एक दिलं की दुसरं. ती मी कधी शेजारी शेजारी ठेवलीच नव्हती. आता नऊच्या नऊ चौकटींतून आई मान वर करून बघत होती. बायकांतून, पुरुषांतून, एका सोळा वर्षांच्या मुलीतूनही. तिथे फोल्डर नव्हता, माउस नव्हता. चौदा वर्षं जे चिकटवलं, ते हाताने पाठ करून टाकलं होतं आणि मला पत्ता नव्हता. मला भीती वाटली. स्वतःच्या हाताची भीती वाटणं काय असतं ते त्या दुपारी मला कळलं. जिला मी माझी शैली म्हणून मिरवत होते, ती ही होती.

भाची मात्र खूश. आजी गेली तेव्हा ती सहा-सात वर्षांची, तिला आजी नीटशी आठवतच नाही. "मावशी, अगं हीच तर तुझी सिग्नेचर आहे! लोक यासाठी वर्षानुवर्षं झटतात. तुझी आपोआप झालीय!"

"सिग्नेचर कसली डोंबलाची," ताई म्हणाली. "आईला लोकांच्या घरी कामाला पाठवल्यासारखं वाटतंय मला."

मी भाचीचं ऐकलं. ताईचं बरोबर आहे हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं, तरी मी भाचीचं ऐकलं. दुकान बंद झालेलं, वय वाढलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की हे तुझं आहे, हे दुसऱ्या कोणाकडे नाही. आपलं असं काहीतरी असावं ही भूक फार वाईट असते. मी स्वतःला समजावलं की आईला काय, आवडेलच.

मग भाचीने चिन्ह बनवलं, दोन डोळे. खाली ओळ लिहिली, 'ते बघत आहेत'. मी म्हटलं, ही सीसीटीव्हीवाल्याची पाटी वाटते. तेव्हा ती बदलून 'पुन्हा एकदा, डोळे भरून' अशी झाली. पेज सुरू झालं. पहिले काही दिवस ताईच्या ओळखीचे लोक आले, मग भाचीच्या ऑफिसातले. आणि मग काका आले.

नाशिकला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने पेज बघून मला फोन केला होता. काका भाईंदरला एकटे राहायचे, मूळचे रायगडकडचे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करून निवृत्त झालेले. बायको जाऊन सात-आठ महिने झाले होते. ते माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी एका जुन्या डायरीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एक फोटो आणला होता. पुतण्याच्या लग्नातला. मागच्या ओळीत, दोन खांद्यांच्या मधून दिसणारी बाई. डोळे मिटलेले.

"दुसरा नाय का एखादा?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"व्हते ना. गावच्या घरात ट्रंकेत. पुराचं पाणी शिरलं नि सगल्याचा चिखल झाला. हितं फोटो काढायची येल आली की ही आपली चुलीपाशी." मग त्यांनी तिचं आधार कार्ड दाखवलं. आधार कार्डावर देवही चोरासारखा दिसेल. डोळ्यांच्या जागी नुसते दोन काळे ठिपके.

ताईचं बोलणं माझ्या मनात टोचत होतं. मी ठरवलं की या वेळी तसं करायचं नाही. फोटोत डोळे नसले तरी माणूस समोर बसलंय, त्याने ते डोळे अख्खा जन्म बघितलेत, त्यालाच विचारू. मी विचारलं, "काका, काकूंचे डोळे कसे होते? मला सगळं सांगा."

आणि ते सांगायला लागले.

त्या दिवशी भाची आली होती, स्टँड आणि दिवा घेऊन. तिला काम कसं चालतं ते दाखवायचं होतं. ती कोपऱ्यातून मला खुणा करत होती. हनुवटी वर. त्यांच्याकडे बघ. मान हलव. मी मान हलवत होते. काका अर्धा तास तरी बोलले असतील. खिडकीतून बाहेर बघत बोलले, मध्येच हसले, एकदा स्वतःच्या डोळ्याजवळ बोट नेऊन त्यांनी मला काहीतरी दाखवलं. मी छान ऐकतेय असं दिसत होतं. माझी पेन्सिल कागदावर चालली होती, पण ती व्हिडिओसाठी चालली होती. माझे केस कानामागे घेतले तर बरे दिसतील का, नाकाची सावली पडतेय का, हे माझ्या डोक्यात. काका काय सांगतायत ते नंतर व्हिडिओत निवांत ऐकू, असं मी मनाशी म्हटलं होतं. सगळं रेकॉर्ड होतंच होतं.

आठवड्याने चित्राला बसले आणि भाचीला फोन केला. तिने बारा सेकंद ठेवली होती आणि त्यांच्यावर बासरी घातली होती. बाकीचं उडवलं होतं, फोनमध्ये जागा नव्हती. "का गं, हवं होतं?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. काकांना परत बोलवावं असं डोक्यात आलं, नाही असं नाही. पण त्यांना काय सांगणार? तुम्ही बायकोबद्दल बोलत होतात तेव्हा मी माझे केस बघत होते, आता परत सांगा? मला लाज वाटली. लाजेपायी मी तशीच चित्राला बसले, आणि हाताला जे येत होतं ते हाताने केलं.

पुढचं लोकांना माहीत आहे. काका उठले, काचेला हात लागला, आणि तो व्हिडिओ कुठच्या कुठे गेला. कोल्हापूर, पुणे, दुबई, कुठून कुठून निरोप यायला लागले. लोक लिहायचे की आजोबांना आजी परत मिळाली, आम्ही ढसाढसा रडलो. लिफ्टमध्ये एक बाई म्हणाल्या, "तुम्हीच ना त्या डोळेवाल्या?" चौदा वर्षं जिला नाव नव्हतं तिला नाव मिळालं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. फक्त एक झालं. हॉलमधला आईचा फोटो मला बघवेना. तिच्याकडे बघितलं की तोही कोणा न्यायला यायचं राहून गेलेल्या गिऱ्हाइकाचाच वाटायचा. कॅलेंडर लावायचं निमित्त करून मी तो आतल्या खोलीत नेला. तिथे कपाट उघडायला गेलं की समोर येतो, म्हणून मी कपाट कमी उघडते.

दोन महिन्यांनी एका सकाळी काकांचा फोन आला. "मॅडम, एक इचारायचं व्हतं. फोनवर नाय. तुमाला येल असंल तवा या."

आवाजावरूनच मला कळलं. मी भाचीला सांगितलं. ती घाबरली. "मावशी, काही बोलू नकोस हं. त्या एका व्हिडिओवर सगळं उभं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची." ताईला सांगितलं. ताई फक्त "जा" म्हणाली.

भाईंदर पश्चिमेला, खाडीकडे, एका जुन्या इमारतीत वन रूम किचन. चित्र टीव्हीच्या वर लावलेलं होतं, त्याला ताजं तगरीचं फूल. मी खाली मान घालून बसले. काकांनी चहा केला. ती गेल्यावर शिकलो म्हणाले, अजून आलं जास्त पडतं. खरंच जास्त पडलं होतं. मी चहा संपवला.

मग त्यांनी सांगितलं. चित्र आलं तेव्हा पहिले दिवस फार बरे गेले. घरात माणूस असल्यासारखं वाटायचं. रोज बोलायचे तिच्याशी, भाजी काय केली ते सांगायचे. त्याच्या आधी ती अशी समोर नव्हती, पण डोळे मिटले की यायची. कारखान्याच्या गेटवर डबा घेऊन उभी असलेली यायची, मुलाला अंगाखांद्यावर घेतलेली यायची, हळदीतली यायची. परवा दाढी करताना सहज ती मनात आली, तर ह्याच डोळ्यांनी. त्यांनी दुसरी आठवण काढून बघितली, तिच्यातही हेच डोळे. हॉस्पिटलातली शेवटची घेतली, तिच्यातही हेच.

"हळदीतली पण आता अशीच बघते," काका म्हणाले. "तवा ती सतरा वर्षांची. मान वर करून कधी बघितलंन नाय तिनं. आता बघते. पोराला फोन केला, तुझ्या आयशीचे डोळे कसे व्हते रं? तो म्हणतो, फोटोत हायत तसेच. म्हेवणीला इचारलं. ती म्हणते, हुबेहूब. सगले म्हणतात असेच व्हते. मग मलाच कसं काय वाटतं, की नाय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "असेच व्हते ना, मॅडम? तुम्ही बघून, इचारूनच काढलेत ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते तेवढ्यासाठीच बसले होते. मी हो म्हटलं असतं तर त्यांनी आपलं मन गप्प केलं असतं, पेज चालू राहिलं असतं, भाची सुटली असती, आणि वाईट कोणाचंच झालं नसतं असं मी स्वतःला सांगू शकले असते. मी चित्राकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी मी तिच्याकडे सरळ बघत होते. तिथे वरून ती बघत होती, वाढू का म्हणून.

"नाही, काका," मी म्हटलं. "हे माझ्या आईचे आहेत."

मी सगळं सांगितलं. फोल्डर, हात, नऊ चौकटी. रडले नाही, रडायचा मला हक्क नव्हता. माझं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आई हायत?"

"नाही. गेली. खूप वर्षं झाली."

"बरं." ते उठले, टीव्हीसमोर गेले आणि त्यांनी चित्राला हात जोडले. दोन महिने ते ज्या बाईशी भाजीबद्दल बोलत होते, तिला त्यांनी परक्या घरच्या मोठ्या माणसाला करतात तसा नमस्कार केला. मग मागे येऊन खुर्चीत बसले.

"मग आमची कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसेना. राग असता तर मला सोसता आला असता. ते खरंच विचारत होते, मला माहीत असल्यासारखे.

"त्या दिवशी मी सांगितलेलं ना तुमाला," ते एकदम म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुमच्या घरी. अर्धा-पाऊण तास बोललो मी. सगलं सांगितलेलं, येक पण सोडलं नाय. तवा मला आठवत व्हतं. काय सांगितलेलं मी? कसे म्हणून सांगितलेलं?"

मी आठवायला लागले. जीव तोडून आठवलं. त्यांचा पांढरा शर्ट आठवला, खिशाला लावलेलं पेन आठवलं, खिडकीतून त्यांच्या डाव्या गालावर आलेला उजेड आठवला. ते हसले होते ते आठवलं. डोळ्याजवळ बोट नेऊन काहीतरी दाखवलं होतं, ते बोटही आठवलं. त्यांचे ओठ हलताना दिसत होते आणि शब्द एकही येत नव्हता.

"मी ऐकलं नव्हतं, काका," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली, दोन-तीनदा, हळूहळू. मग त्यांनी खुर्ची ओढून टीव्हीच्या समोर घेतली आणि माझ्याकडे पाठ करून, माझ्या आईच्या डोळ्यांत बघत, आपली बायको आठवत बसले.